इंदूरहून टेक कंपनीच्या कॉम्समध्ये जायचंय? मग हे आधी वाचा

कॉम्स म्हणजे कम्युनिकेशन्स, कंपनीच्या वतीने बाहेर बोलायचं काम. सगळ्यात आधी सांगते, या कामाला कोडिंग लागत नाही. दर एक-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो, रामबागेतल्या मावशींच्या ओळखीतलं कुणी, नाहीतर लोकमान्य नगरातल्या कुणाची तरी भाची, आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई मी बीकॉम केलंय मला टेक कंपनीत कोण घेणार. घेतात हो. मी पण बीकॉमच. नंतर पत्रकारिता केली, दोन वर्षं इथल्याच एका हिंदी पेपरात सिटी डेस्कवर काढली, मग दिल्लीत पीआर एजन्सीत चार वर्षं, आणि आता गुडगावच्या एका मोठ्या टेक कंपनीत कॉर्पोरेट आणि पॉलिसी कम्युनिकेशन्स. कंपनीचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय म्हणून एकदाचं लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

१. हे काम नक्की काय ते आधी कळू द्या

लोक चार गोष्टींची खिचडी करतात. मार्केटिंग म्हणजे पैसे देऊन जागा विकत घेणं, जाहिरात, होर्डिंग वगैरे. ते आपलं काम नाही. कॉर्पोरेट कॉम्स म्हणजे कंपनी म्हणून जे काही बोललं जातं ते सगळं, तिमाही निकाल, नवं ऑफिस, नोकरकपात, सीईओची मुलाखत, सर्व्हर बंद पडला तर काय सांगायचं. पॉलिसी कॉम्स म्हणजे त्यातला सरकार-कायदा-कोर्टाकडचा भाग, प्रायव्हसी, कंटेंट काढणं, कॉम्पिटिशन कमिशनच्या केसेस, निवडणुकीच्या काळातले प्रश्न. आणि चौथी पब्लिक पॉलिसीची टीम, ही वेगळी असते, ते लोक मंत्रालयात जाऊन अधिकाऱ्यांना भेटतात. ते मंत्रालयाशी बोलतात, आपण त्याच विषयावर लिहिणाऱ्या पत्रकारांशी बोलतो, आणि दोघांचं म्हणणं एकच असावं लागतं. ते जुळवण्यात अर्धा दिवस जातो.

बाहेरून वाटतं की हे छान छान लिहायचं काम आहे. लिहिणं माझ्या दिवसातलं जेमतेम दीड-दोन तास, बाकी सगळा वेळ लोकांच्या मागे लागून खरं काय ते काढून घेण्यात. आमच्या डेस्कवर एक काका होते, बातमी घेऊन गेलं की चष्मा कपाळावर चढवून एकच विचारायचे, ‘किसने कहा, और उसको कैसे पता?’ तेव्हा राग यायचा. आज कंपनीत मी दिवसातून दहा वेळा तेच विचारते, फक्त इंग्रजीत आणि जरा गोड शब्दांत.

२. इंदुरात बसून जे होतं ते इथेच करून घ्या

दिल्ली-बंगलोरला धावायच्या आधी इथे बरंच काही होतं. देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे, आणि जमलं तर दिल्लीचं आयआयएमसी. डिग्री कुठलीही चालते, पण एखाद्या पेपरात वर्ष-दोन वर्षं काम केलेलं असेल तर त्याची सर कशालाच नाही. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं तेव्हा पत्रकाराला काय पाहिजे असतं, हे कुठल्याही कोर्सात शिकवत नाहीत. आणि इंदूर हे पेपरवाल्यांचं गाव आहे, नई दुनिया इथे १९४७ ला सुरू झाला, त्याचे संपादक राहुल बारपुते तर मराठीच. तेव्हा आपण मराठी, आपल्याला हिंदी पेपरात कोण विचारणार, हे डोक्यातून काढा.

आपल्याकडची खरी जमेची बाजू म्हणजे तीन भाषा. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. दिल्लीतल्या टीममध्ये उत्तम इंग्रजी लिहिणारे पन्नास असतात, पण हिंदी प्रेस नोट वाचून ‘हे कुणी बोलत नाही असं’ म्हणणारं एखादंच असतं. मराठीचा फायदा मुंबई-पुण्याच्या बातम्यांच्या वेळी होतो.

मात्र तीन भाषा म्हणजे तीन ठिकाणी पाय घसरायची सोय. एजन्सीतला माझा पहिला महिना. इंग्रजी नोटमध्ये ‘सेफ हार्बर’ होतं, ते काय असतं ते खाली सांगते. हिंदी करायला दिलं माझ्याकडे. मी घाईघाईत मराठीत विचार केला आणि लिहिलं ‘सुरक्षित बंदर’. दहा मिनिटांत एका हिंदी डेस्कवरून फोन, पलीकडे चार-पाच जण हसतायत, ‘मैडम, बंदर तो सुरक्षित है, कंपनी का क्या हुआ?’ तेव्हापासून कुठल्याही भाषांतराची प्रिंट काढून मोठ्याने वाचल्याशिवाय मी पाठवत नाही.

३. कागदपत्रं आणि सामान

हे पटकन सांगते, एका फोल्डरात करून ठेवा:

- एक पानी रेझ्युमे. दोन पानी नको, कोणी वाचत नाही.
- लिखाणाचे चार-पाच नमुने. एक बातमी, एक प्रेस नोट, एक लेख, आणि एक अवघड विषय सोप्या शब्दांत समजावलेलं पान. निदान दोन भाषांत.
- सगळ्या मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेट. मोठ्या कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून तपासणी करून घेतात, आणि विद्यापीठातून कागद निघायला काय काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. आधीच काढा.
- आधीच्या प्रत्येक नोकरीचं ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला), यूएएन नंबर (पीएफचा). पेपरवाले पुष्कळदा रिलीव्हिंग लेटर देतच नाहीत, मला ते मिळायला पाच चकरा माराव्या लागल्या. सोडायच्या दिवशीच मागा.
- तुमच्या जुन्या सोशल मीडिया पोस्टींवर एकदा नजर टाका. कुठल्या पक्षावर, मंत्र्यावर, किंवा याच कंपनीवर तुम्ही २०१६ मध्ये काय तारे तोडलेत ते तुमच्या आधी दुसरं कोणी शोधून काढू नये.

४. कायदा वाचायला शिका, वकील व्हायची गरज नाही

पॉलिसी कॉम्समध्ये नव्या मुलांची विकेट इथेच पडते, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, बिल, ॲक्ट, रूल्स, नोटिफिकेशन आणि ॲडव्हायझरी हे पाच वेगळे कागद आहेत. बिल म्हणजे अजून कायदा झालेला नाही. संसदेत पास होऊन राष्ट्रपतींची सही झाली की ॲक्ट. पण ॲक्ट झाला म्हणजे लगेच लागू झाला असं नाही, सरकार नोटिफिकेशन काढून तारीख ठरवतं. रूल्स त्या ॲक्टखाली नंतर येतात, आणि कंपनीने रोज नक्की काय करायचं ते बहुतेक वेळा रूल्समध्येच असतं. ॲडव्हायझरी म्हणजे मंत्रालयाने काढलेली सूचना. पत्रकार फोन करून म्हणतो ‘नवा कायदा आलाय’, तेव्हा पहिलं काम म्हणजे वरच्यापैकी कुठला कागद आलाय ते बघायचं.

सराव म्हणून डेटा प्रोटेक्शनचा प्रवास सुरुवातीपासून वाचा. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी केसमध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हटला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ ला मसुदा दिला. २०१९ ला बिल संसदेत आलं, संयुक्त समितीकडे गेलं, समितीने डिसेंबर २०२१ मध्ये रिपोर्ट दिला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते बिलच मागे घेतलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा छोटा मसुदा आला, ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची सही झाली, रूल्सचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आणि पक्के रूल्स नोव्हेंबर २०२५ मध्ये. आठ वर्षं. दंड २५० कोटींपर्यंत. या आठ वर्षांत ‘कंपनीचं काय म्हणणं आहे’ हा प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल आणि दर वेळी कागद कुठला होता यावर उत्तर कसं बदललं असेल, त्याचा विचार करा. एका इंटरव्ह्यूत मला हेच विचारलं होतं.

दुसरी गोष्ट ते सेफ हार्बर. आयटी ॲक्ट २००० चं कलम ७९. सराफ्याचं उदाहरण देते, इंदूरवाल्यांना लगेच कळतं. दिवसा चांदीची दुकानं, रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांवर खाण्याचे ठेले. समजा एखाद्याकडचा भुट्ट्याचा कीस खाऊन तुमचं पोट बिघडलं, तर तुम्ही सराफाला पकडणार का? त्याने फक्त ओटा दिला. पण कुणी अधिकृतपणे येऊन सांगितलं की हा ठेला खराब माल विकतो आणि तरी सराफाने त्याला उठवलं नाही, तर मग त्याची पण मान अडकली. कलम ७९ साधारण असंच आहे, लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्मला जबाबदार धरत नाहीत, पण काही अटींवर. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात कोर्टाने सांगितलं की ‘अधिकृतपणे कळणं’ म्हणजे कोर्टाचा हुकूम किंवा सरकारची सूचना, कुणाचीही तक्रार नव्हे. इंटरनेटवर ‘आक्षेपार्ह’ लिहिण्याला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ त्याच निकालात रद्द झालं.

मग फेब्रुवारी २०२१ चे इंटरमीडियरी रूल्स आले. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत युजर असलेल्या सोशल मीडिया कंपन्यांना भारतात राहणारे तीन अधिकारी नेमावे लागतात, चीफ कम्प्लायन्स ऑफिसर, नोडल काँटॅक्ट आणि ग्रीव्हन्स ऑफिसर. यातला पहिला वैयक्तिकरीत्या अडचणीत येऊ शकतो. हे एकदा कळलं की लीगलवाले तुमच्या एका साध्या वाक्यातला ‘नेहमी’ हा शब्द का खोडतात ते पण कळतं.

कुठे वाचायचं? ई-गॅझेट (सरकारी राजपत्र), पीआयबी (सरकारच्या प्रेस नोट इथे येतात), आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चचे बिलांचे सारांश, सगळं फुकट. ट्राय, म्हणजे टेलिकॉमची नियामक संस्था, तर कन्सल्टेशन पेपर (लोकांचं मत मागणारा कागद) काढतं, त्यात नंबर घालून प्रश्न असतात, आणि कंपन्यांनी दिलेली उत्तरं पण साइटवर टाकतं. तुम्हाला ज्या कंपनीत जायचंय तिने काय उत्तर दिलंय ते वाचा. इंटरव्ह्यूला एवढं कोणीच करून येत नाही.

आणि फ्री बेसिक्सची केस जरूर वाचा, ही फेसबुकची काही ठरावीक साइट्स फुकट देण्याची योजना. २०१५ च्या शेवटी ट्रायने पेपर काढून नेमके प्रश्न विचारले होते, फेसबुकने मोठी जाहिरात मोहीम चालवली आणि युजर्सकडून लाखो साचेबंद ईमेल ट्रायला गेले. ट्रायचं म्हणणं पडलं की यात आमच्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या साइट्ससाठी डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली. त्यावर कंपनीच्या बोर्डावरच्या मार्क अँड्रीसनने वसाहतवादावर एक ट्वीट केलं, ते त्याला काढून माफी मागावी लागली, आणि झुकेरबर्गला जाहीरपणे सांगावं लागलं की हे आमचं मत नाही. माझ्या मते जाहिरातींपेक्षा ती ईमेलची चूक मोठी होती. समोरच्याने काय विचारलंय ते न वाचता आपलंच म्हणणं मोठ्याने सांगत राहणं, ही सवय आपल्या धंद्यात अजून गेलेली नाही.

५. एजन्सीत दोन वर्षं घासा

थेट कंपनीत फ्रेशरला क्वचित घेतात. एजन्सीत पगार कमी, काम ढिगाने, सकाळी आठला क्लायंटला बातम्यांची यादी पाठवायची असते म्हणजे सहाला उठायचं. पण एका वर्षात शंभर पत्रकार ओळखीचे होतात. आधी तीन गोष्टी शिकून घ्या, कोण कुठल्या बीटवर (म्हणजे विषयावर) आहे, कोणाला किती वाजता फोन करायचा नाही (पान लावायच्या वेळी तर नाहीच), आणि बातमी नसेल तेव्हा क्लायंटला ‘यात बातमी नाही’ कसं सांगायचं. तिसरं सगळ्यात अवघड. तिथे कात्रणांची जाडी मोजून काम चांगलं-वाईट ठरवतात, ती सवय स्वतःला लावून घेऊ नका.

६. इंटरव्ह्यू आणि लेखी टेस्ट

साधारण चार ते सहा फेऱ्या, त्यात एक लेखी टेस्ट असतेच. टेस्टमध्ये बहुतेक असा प्रसंग देतात, संध्याकाळचे सहा, एका पत्रकाराचा मेल, आठ प्रश्न, एका तासाची मुदत, तुमच्याकडे अर्धवट माहिती. उत्तर लिहा. इथे नवी मुलं आठही प्रश्नांची सुंदर उत्तरं लिहितात आणि नापास होतात. कारण माहिती अर्धवट आहे हे प्रश्नातच सांगितलेलं असतं. आधी एक यादी लिहा, मला कुणाला काय विचारावं लागेल, मग दोन-तीन ओळींचं उत्तर, मग पुढच्या तासात काय होऊ शकतं. मी टेस्ट तपासते तेव्हा पहिली यादी बघते, इंग्रजी नंतर.

७. पहिले तीन महिने, माणसं हेरा

लॅपटॉप मिळाला की लगेच लिहायला बसू नका. एक वही करा. पेमेंट बिघडलं तर कुणाला विचारायचं, सिक्युरिटीत रात्री अकराला फोन कोण उचलतं, लीगलमधलं कोण पाच मिनिटांत उत्तर देतं आणि कोण पाच दिवसांत, अमेरिकेतल्या ऑफिसात शेवटचा होकार कुणाचा. प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसा आणि त्यांच्या कामाचं विचारा, आपलं सांगू नका. अडचणीच्या दिवशी ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही तो इंजिनीअर तुमचा फोन उचलणार नाही, आणि तो दिवस येतोच.

कंपनी लिस्टेड असेल तर अजून एक. निकालांच्या आधी तुम्हाला आकडे माहीत असतात, म्हणून ट्रेडिंग विंडो बंद असताना शेअर घ्यायचा-विकायचा नाही, आणि घरी बाबांना पण ‘जरा थांबा’ म्हणायचं नाही. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम २०१५ चे आहेत, ते सहीपुरते न वाचता खरंच वाचा.

८. पत्रकाराची क्वेरी आली की काय करायचं

हा सगळ्या लेखातला मुख्य भाग. आणि तो मी चूक करून शिकले, म्हणून चूकच सांगते.

एका शुक्रवारी संध्याकाळी पाच पन्नासला मेल आला. तुमच्या ॲपवर काही लोकांना दुसऱ्यांच्या ऑर्डर दिसतायत, सोबत दोन स्क्रीनशॉट, साडेसहाची मुदत. मी प्रॉडक्टवाल्या मुलाला फोन केला, तो म्हणाला अगं काही नाही, डिस्प्लेचा बग आहे, पर्सनल डेटा कुठे गेलेला नाही. मी लिहिलं, ‘कोणत्याही युजरची वैयक्तिक माहिती उघड झालेली नाही.’ लीगलची बाई ट्रॅफिकमध्ये, तिने फोनवर ऐकलं आणि बरं म्हणाली. सहा पंचवीसला मेल गेला, मी स्वतःवर खूश, खाली जाऊन पाणीपुरी खाऊन आले.

सकाळी साडेनऊला सिक्युरिटीच्या टीमचा कॉल. लॉग (सिस्टीममधल्या नोंदी) तपासले तर थोड्या लोकांची नावं आणि फोनचे शेवटचे चार आकडे खरोखर दिसले होते. दुपारी नवं स्टेटमेंट द्यावं लागलं, आणि बातमीत ते वाक्य आलंच, ‘कंपनीने याआधी असं काही झालं नसल्याचं सांगितलं होतं.’ त्या पत्रकाराने पुढे वर्षभर माझं कुठलंही वाक्य दुसरीकडून विचारून घेतल्याशिवाय छापलं नाही. मला काही बोलला नाही, पण कळायचं.

चूक काय झाली? किसने कहा, प्रॉडक्टवाल्याने. उसको कैसे पता? त्याला माहीतच नव्हतं, त्याने अंदाज केला. लॉग बघणारा माणूस वेगळा होता आणि मी त्याला फोन केला नाही कारण घड्याळात सहा वाजून गेले होते.

तर आता मी काय करते ते सांगते. मेल आला की पाच मिनिटांत पत्रकाराला ‘मिळाला, बघते, तुमची खरी मुदत किती?’ एवढं कळवते. लिहिलेली मुदत आणि खरी मुदत यात पुष्कळदा अर्ध्या तासाचा फरक असतो. मग आतल्या ग्रुपवर मेल जसाच्या तसा टाकते, आपल्या शब्दांत सांगत नाही. प्रत्येक दाव्यापुढे ज्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलंय त्याचं नाव लिहिते. नाव नसेल तर ते वाक्य जात नाही. वेळ कमी असला तर तयार साचा असतो, त्याला होल्डिंग स्टेटमेंट म्हणतात. त्या शुक्रवारी एवढंच जायला हवं होतं: ‘काही युजर्सना ऑर्डर हिस्ट्रीत अडचण येत असल्याचं आम्हाला कळलं आहे. ते फीचर तात्पुरतं बंद केलं आहे. तपास चालू आहे, नक्की माहिती मिळाल्यावर कळवू.’ तीन वाक्यं, तिन्ही खरी, आणि फीचर खरंच बंद केलेलं असेल तरच दुसरं वाक्य.

अशा घटनेत सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) पण कळवावं लागतं, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत. ते तुमचं काम नाही, सिक्युरिटी आणि लीगल करतात, पण तिकडे गेलेला कागद आणि तुमचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून बघा. सरकारला एक आणि पेपरला दुसरं असं दिसलं तर मग खुलासे करत बसा.

आणि ‘नो कॉमेंट’ म्हणायचं नाही. बोलता येत नसेल तर का ते सांगा, प्रकरण कोर्टात आहे, तपास चालू आहे. कारण दिलं की पत्रकाराला निदान एक ओळ मिळते.

९. ऑफ द रेकॉर्ड हे बोलायच्या आधी ठरतं

ऑन रेकॉर्ड म्हणजे नावासकट छापता येतं. बॅकग्राउंड म्हणजे माहिती वापरता येते, नाव नाही, ‘कंपनीतल्या जाणकार व्यक्तीने’ वगैरे. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापायचंच नाही. पण प्रत्येक पत्रकार याचा अर्थ थोडा वेगळा घेतो, म्हणून दर वेळी साध्या शब्दांत विचारून घ्या. सगळं सांगून झाल्यावर ‘अरे हे ऑफ द रेकॉर्ड हं’ चालत नाही, त्याने हो म्हटलेलंच नसतं. एम्बार्गोचं, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही या अटीचं, पण तसंच, आधी होकार मग कागद. आपण माळव्यातली माणसं, गप्पांना बसलो की उठत नाही, त्यामुळे आपल्याला हा धोका जरा जास्तच. मी तर धरूनच चालते की जे बोलले ते उद्या छापून येऊ शकतं.

१०. फसायच्या बाकी जागा

फाइल. प्रेस नोटबरोबर आत वापरायची प्रश्नोत्तरांची फाइल असते, ‘हे विचारलं तर हे सांगा, हे विचारलंच तर विषय बदला’ असल्या ओळींची. माझ्या एका सहकाऱ्याने चुकून तीच जोडून पाठवली होती. ट्रॅक चेंजेस (आधीची खाडाखोड) उघडे असलेली वर्ड फाइल पाठवणारे तर रोज भेटतात. बाहेर जाणारं सगळं पीडीएफ करा, स्वतःला मेल करून उघडा, मग पाठवा.

भेटवस्तू. दिवाळीला इंदूरहून शेव-नमकीनचे डबे न्यायची आपली पद्धत. पत्रकारांसाठी कंपनीची मर्यादा असते ती विचारा, आणि सरकारी अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय शेवेचं पाकीट पण नाही. अमेरिकन कंपनी असेल तर परदेशी लाचखोरीविरुद्धचा त्यांचा १९७७ चा कायदा इथल्या ऑफिसलाही लागतो. मला पण आधी हसू आलं होतं, ट्रेनिंगनंतर नाही आलं.

कन्सल्टेशनची मुदत. केंद्राच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे कायद्याच्या मसुद्यावर लोकांचं मत घ्यायला निदान ३० दिवस ठेवायचे असतात, पण त्यावर विसंबू नका, कधी कधी कमी मिळतात. मसुदा शुक्रवारी संध्याकाळी येतो हे गृहीत धरा. त्या रात्री पत्रकार विचारणारच, आणि तेव्हा ‘मसुदा वाचतो आहोत’ हेच खरं उत्तर असतं. चाळीस पानं अर्ध्या तासात वाचून मत देणाऱ्या तज्ज्ञाशी स्पर्धा करू नका.

स्वतःचं मत. कंपनीचा एखादा निर्णय तुम्हाला पटणार नाही, हे होणारच. आत जोरात भांडा, लेखी भांडा. पण जे खोटं आहे हे माहीत आहे ते बाहेर बोलायला सांगितलं तर नाही म्हणा, मी दोनदा म्हटलंय, नोकरी गेली नाही. एकदा बढती मात्र अडली.

११. रात्रीचे कॉल आणि घर

कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी हे धरा. आता मी महिन्यातले दहा दिवस इंदूरहून काम करते, त्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि एक इन्व्हर्टर घेतला, कारण पावसाळ्यात लाइट कधी जाईल ते वीजवाल्यांनाही सांगता येत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दार बंद असेल तर आत काहीतरी जळतंय असं समजा. आईला हे पटायला दोन वर्षं लागली, अजूनही मधेच येऊन दूध ठेवून जाते आणि अमेरिकेतले लोक तिला हाय म्हणतात.

नमुने कुणाला दाखवायचे असतील तर मी बघते, पण एक काम करून मग फोन करा. ट्रायचा कुठलाही एक कन्सल्टेशन पेपर घ्या आणि त्यावर एक-एक पान मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहा, आणि प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहा की हे तुम्हाला कुठून कळलं. रविवारी सकाळी दहानंतर करा, त्याआधी आमच्याकडे पोहे असतात.